अग्नीच्या आधी

आमच्या घरात थंडीपेक्षा हायड्रोच्या बिलाची धास्ती जास्त होती. इकडे विजेला हायड्रो म्हणतात. मार्कहॅमच्या उत्तरेला, जिथे गॅसची पाइपलाइन अजून पोचलेली नाही अशा ठिकाणी, माझ्या नवऱ्याने हौसेने ऐसपैस घर घेतलं. मोठं अंगण, मागे मेपलची झाडं, आणि प्रत्येक खोलीत भिंतीच्या कडेने विजेचे हीटर. झाडं बघण्याच्या नादात त्याने हीटर बघितले नाहीत. पहिल्या हिवाळ्याचं बिल आलं तेव्हा गुरुदत्त भरल्या ताटावरून उठला आणि घरभर फिरून एकेक हीटर बारीक करून आला. तेव्हापासून आम्ही घरातसुद्धा स्वेटर घालून वावरायला लागलो.

गुरुदत्त कंजूष आहे असं मी म्हणणार नाही. पाहुण्यांना तो सढळ हाताने खायला घालतो. पण काही वाया जाताना दिसलं की त्याच्या पोटात दुखतं, आणि उष्णता ही त्याच्या मते सतत वाया जाणारी गोष्ट. एका कंपनीत तो सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. तिथे चुका शोधण्याचा पगार मिळतो, घरी तो तेच काम फुकट करतो.

२००८ च्या उन्हाळ्यात त्याला पेलेट स्टोव्हचा शोध लागला. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या म्हणजे पेलेट्स. त्या गोण्यांतून मिळतात. स्टोव्हच्या मागच्या पेटीत ओतल्या की आतला स्क्रू फिरत राहतो आणि थोड्या थोड्या कांड्या पुढच्या लोखंडी वाटीत टाकतो. वाटीला भोकं असतात, पंखा त्यांतून हवा देतो, आणि काचेच्या दारामागे खरीखुरी आग जळत राहते. एक बटण दाबलं की पेटतो, दुसरं दाबलं की विझतो. "विजेच्या निम्म्यात घर गरम," असं गुरुदत्तने मला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मीच म्हटलं, "आण बाबा तो स्टोव्ह, पण आता गप्प बस."

हे सगळं नाना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होते. नाना म्हणजे माझे सासरे, शरदचंद्र. रत्नागिरीच्या कोर्टात नाझर होते. कोर्टाची जप्ती कायद्याला धरून झाली की नाही हे बघण्यात त्यांची नोकरी गेली. सासूबाई गेल्यावर गुरुदत्तने त्यांना इकडे आणलं. बोलणं कमी, तक्रार अजिबात नाही, पण नियमाचं बोट एकदा धरलं की सोडायचं नाही हा स्वभाव. आमची ईशिता वॉटर्लूला शिकायला गेली होती, म्हणून घरात आम्ही तिघंच.

नाना आले त्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगायला हवी. मी वरणभात वाढला. त्यांनी तूप घातलेला एक घास हातात घेतला आणि विचारलं, "मृणाल, अग्नी कुठे आहे?"

रत्नागिरीला ते आयुष्यभर पहिला घास अग्नीला देऊन मग जेवत. आधी चुलीत, पुढे गॅस आल्यावर शेगडीच्या ज्योतीवर. मी त्यांना आमच्या विजेच्या शेगडीवरचं लाल झालेलं वेटोळं दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं.

"हे तापलेलं लोखंड झालं," ते म्हणाले.

"देवापुढे दिवा आहे ना, नाना."

"दिवा देवाचा. ज्याच्यावर घर जगतं तो अग्नी निराळा." मग हातातला घास तसाच धरून त्यांनी जरा वेळ विचार केला, आणि निकाल दिला. "घरात अग्नीच नाही, तर त्याला उपाशी ठेवल्याचा दोषही नाही." आणि निवांत जेवले. मला हसू आलं होतं. तीन वर्षं ते तसंच जेवत होते.

ऑक्टोबरात स्टोव्ह बसला. माणसं भिंतीतून धुराचं नळकांडं बाहेर काढून गेली. गुरुदत्तने बटण दाबलं. काचेमागे आधी नुसता धूर दिसला, मग एकदम भडका उठला आणि सगळी खोली पिवळी झाली. नाना खुर्चीतून उठले. स्टोव्हसमोर जाऊन त्यांनी हात जोडले, आणि मी पाहिलं तर त्यांचे डोळे भरून आले होते. गुरुदत्तला वाटलं त्याच्या खरेदीचंच हे कौतुक. तो फुशारून म्हणाला, "बघा नाना, आता थंडीची काय बिशाद!"

दुसऱ्या दिवसापासून नानांचं रूपच पालटलं. आम्ही दोघं कामाला गेलो की घर त्यांच्या ताब्यात. मी मार्कहॅमच्या एका दाताच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला आहे. सकाळी नानांचा भात, वरण, भाजी करून ठेवते, ते मायक्रोवेव्हमध्ये गरम करून घेतात. आता ते बाराच्या आधी आंघोळ करून सोवळं नेसत, स्टोव्हचं काचेचं दार उघडत, तूपभाताचा घास आत ठेवत, पाणी फिरवत आणि मग जेवत. मला त्यांनी स्वतःच सांगितलं, अगदी लहान मुलाच्या उत्साहाने. "तुझ्या सासूच्या चुलीसारखाच आहे गं. घास घेतला की जरा तडतडतो." त्या महिन्यात ते दोनदा भात मागून घ्यायला लागले. अंगणातली पानं गोळा केली. एकदा तर शीळ घातली. मला फार बरं वाटलं, कारण म्हातारा माणूस खुर्चीत बसून नुसता भिंतीकडे बघतो तेव्हा आपल्याच घरात आपल्याला गुन्हेगार वाटायला लागतं.

मग स्टोव्ह बंद पडायला लागला. काच काळी होई, आग मंदावे, लाल दिवा लागे आणि यंत्र आपोआप थांबे. गुरुदत्तने पेलेट्सची कंपनी बदलली. दुकानदाराशी फोनवर भांडला. एका शनिवारी त्याने वाटी बाहेर काढून उलटी केली, स्क्रू-ड्रायव्हरने खरवडली, आणि त्यातून कोळसा झालेला एक गोळा निघाला. त्याने तो बोटांनी फोडला. आत भाताची शितं होती, काळी पडलेली, पण शितंच.

"हे काय आहे?" त्याने मला विचारलं.

"नानांचा घास," मी म्हटलं. त्यात लपवण्यासारखं काय होतं?

तो नानांसमोर गोळा घेऊन उभा राहिला. "नाना, हे मशीन आहे. तुपाने भात चिकटतो, वाटीची भोकं बुजतात, एअरफ्लो ब्लॉक होतो. धूर उलटा घरात आला तर? वॉरंटी जाईल ती वेगळीच."

"एवढ्याशा घासाने?"

"हो, एवढ्याशा घासाने! मी हे घर गरम ठेवायला जिवाचं रान करतोय आणि तुम्ही त्याच्यात खरकटं टाकताय."

खरकटं हा शब्द त्याने वापरायला नको होता. नानांचा चेहरा एकदम बंद झाला. "जेवणाआधीचं खरकटं नसतं, गुरू," एवढंच ते म्हणाले.

"अरे, आठवड्यातून दोनदा वाटी साफ कर," मी म्हटलं. "नाहीतर मी करते."

"प्रश्न वाटीचा नाही, तत्त्वाचा आहे." माणसाला दुसऱ्याचं ऐकायचं नसलं की तो तत्त्वावर जातो. त्या स्टोव्हच्या दाराचं हँडल काढता-घालता येणारं होतं, गरम होऊ नये म्हणून. गुरुदत्तने ते काढलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. सोमवारपासून ते त्याच्याबरोबर ऑफिसला जायला लागलं.

त्या आठवड्यात मला मागच्या दारी चिमण्यांची गर्दी दिसली. बर्फावर भात पडला होता, वरणासकट. नाना जेवत नव्हते. रात्री आमच्याबरोबर बसत, पण दूध आणि केळं घेत. "फळाला अग्नी लागत नाही, त्यामुळे त्याचा हिस्सा नाही," असं म्हणत. मी समोर बसून विचारलं, "नाना, तीन वर्षं जेवलात ना तसेच?"

"तेव्हा अग्नी नव्हता." ते अगदी शांतपणे, मला समजावून सांगत होते. "आता आहे. दिवसभर माझ्यासमोर जळतो, मला ऊब देतो. त्याला उपाशी ठेवून त्याच्यासमोर मी जेवू कसा, तूच सांग."

रात्री मी गुरुदत्तकडे हँडल मागितलं. तो म्हणाला, "भूक लागली की जेवतील. हट्ट आहे नुसता." ईशिताला फोन केला, तर ती म्हणाली, "मॉम, इट्स जस्ट राइस. टेल बाबा टु चिल." ते मी सांगितलं. बाबा चिल झाले नाहीत. नानांच्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती, आणि मी आठवडाभर नवऱ्याशी कामापुरतंच बोलले.

आणि मग नाना जेवायला लागले. नाताळच्या सुमारास एक दिवस डबा रिकामा, ताट घासून पालथं घातलेलं, मागच्या दारी चिमणी नाही. मी विचारलं तर म्हणाले, "काढली वाट. जेवतो आता." रात्री मात्र ते दूध-केळ्यावरच राहिले. मला वाटलं, दुपारपुरती मनाची समजूत घातली असेल. मला सुटल्यासारखं झालं आणि मी आणखी खोदून विचारलं नाही. गुरुदत्तची तर कॉलर ताठ झाली. "बघ, म्हटलं नव्हतं मी?" असं तो निदान दहा वेळा म्हणाला.

संक्रांतीला मिसिसागाला शैलेंद्रकडे तिळगुळाला गेलो होतो. शैलेंद्र गुरुदत्तचा जुना मित्र, कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, राहणारा, त्यामुळे त्याला घर गरम करण्याची चिंता नाही आणि गुरुदत्तचं पाल्हाळ ऐकायला वेळ आहे. गुरुदत्तने तिथे भाषणच ठोकलं. जानेवारी इतका कडक, आणि आपल्या गोण्या निम्म्याच संपल्या. पेलेट्स बदलले, सेटिंग बदललं, हवेची झडप बरोबर लावली. "सिस्टीम ऑप्टिमाइझ झाली आहे," तो म्हणाला. नाना सोफ्यावर अंगभर शाल लपेटून बसले होते. शैलेंद्रने त्यांना विचारलं, "काय नाना, मग ऊब आहे ना घरात?" नानांनी मुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सगळं व्यवस्थित आहे." त्यांना खोकला झाला होता. इकडे त्या दिवसांत कुणाला नसतो?

संध्याकाळी घरात शिरताना जरा गार वाटायचं हे खरं. गुरुदत्त म्हणायचा, हे हार्डवुडचे पेलेट्स, हळू तापतात. त्याच्याजवळ कुठल्याही गोष्टीचं कारण तयार असतं.

फेब्रुवारीत एक दिवस बर्फाचं वादळ येणार म्हणून क्लिनिक दुपारीच बंद झालं. मी रस्ते बंद व्हायच्या आत कशीबशी घरी पोचले. दार उघडलं आणि मला वाटलं खिडकी उघडी राहिली. घर थंडगार. स्टोव्हची काच काळी, आत काही नाही, पंख्याचा आवाजही नाही. विजेचे हीटर गुरुदत्तने पाइप गोठून फुटू नयेत इतपतच ठेवलेले. आणि स्वयंपाकघरात नाना उभे. अंगात ओव्हरकोट, डोक्याला माकडटोपी, पायात दोन दोन मोजे, आणि बर्फासारख्या पाण्यात ताट घासत होते. ओठ निळे पडले होते.

"नाना! स्टोव्ह बंद पडला तर फोन नाही का करायचा?"

"बंद नाही पडला," ते म्हणाले. दात वाजत होते. "मी विझवला."

मी त्यांना खुर्चीत बसवलं, घरातली होती नव्हती ती पांघरुणं अंगावर घातली, स्टोव्हचं बटण दाबलं, चहा टाकला. चहा पिता पिता त्यांनी सगळं सांगितलं, जणू मी त्यांची साहेब आणि ते कामाचा अहवाल देत होते. आम्ही गेलो की ते बटण दाबून स्टोव्ह विझवत. शेवटचा निखारा दिसेनासा होईपर्यंत काचेसमोर बसून राहत. मग घरात अग्नी नाही. मग दोष नाही. मग जेवत.

"अहो, मग जेवण झाल्यावर पेटवायचा ना लगेच!"

"तसं नाही करता येत." ते माझ्या अज्ञानावर जरासे हसलेसुद्धा. "जेवणापुरता विझवायचा आणि हात धुतल्याबरोबर पेटवायचा, हा बनाव झाला. कोर्टात कुणी मान्य करणार नाही. दिवेलागणीला नवा अग्नी म्हणून पेटवतो, ते चालतं." मग त्यांनी माझा हात धरला. त्यांचे हात लाकडासारखे झाले होते. "गुरूला सांगू नकोस. त्याच्या गोण्या वाचतात, तो खूश आहे."

मी त्याच क्षणी गुरुदत्तला फोन लावला. आयुष्यात नवऱ्याला मी जे कधी बोलले नव्हते ते सगळं बोलले. "तुझी सिस्टीम माझ्यासमोर बसली आहे," मी ओरडले. "ओव्हरकोट घालून बसली आहे. बघायला ये!" तो वादळातून रात्री पोचला. तोवर नानांना ताप भरला होता, आणि दुसऱ्या दिवशी रस्ते मोकळे झाल्याबरोबर आम्ही त्यांना हॉस्पिटलात नेलं. न्यूमोनिया. दोन्ही फुप्फुसं.

हॉस्पिटलात पहिले दोन दिवस त्यांना शुद्ध अशी नव्हतीच. तिसऱ्या दिवशी जरा उतार पडला. दुपारी ट्रे आला: उकडलेल्या बटाट्याचा लगदा, मटार, पाव. इथलं हे बेचव जेवण ते खाणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्यांनी चमचा उचलला आणि खायला लागले. धाप लागत होती, तरी एकेक मटार टिपून खाल्ला. त्या वाळक्या चेहऱ्यावर मला किती तरी दिवसांनी समाधान दिसलं.

"इथे बरं आहे, मृणाल," ते म्हणाले. "इथे अग्नी नाही."

गुरुदत्त खिडकीपाशी उभा होता. त्याने ते ऐकलं. कोटाच्या खिशात हात घालून त्याने ते हँडल बाहेर काढलं आणि नानांच्या पांघरुणावर ठेवलं.

"नाना, हे तुमच्याकडे ठेवा. घरी चला. रोज घाला घास, दोन घाला. वाटी मी साफ करीन. रोज करीन." त्याचा आवाज फुटला. शेवटचं त्याला असं रडताना मी त्याची आई गेली तेव्हा पाहिलं होतं.

नानांनी हँडल हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं. त्यांना राग आलेला नव्हता. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

"गुरू, पोटासाठी मी त्याला रोज माझ्या हाताने विझवला," ते म्हणाले. "उपाशी ठेवणं एक वेळ परवडलं. हे त्याच्यापेक्षा वाईट. आता कुठल्या तोंडाने त्याच्यासमोर घास घेऊन जाऊ?" त्यांनी हँडल परत मुलाच्या हातात दिलं आणि त्याची बोटं त्याच्याभोवती मिटली. "तू ठेव. घर तुझं आहे, अग्नीही तुझाच. मला इथेच जेवू दे."

त्यांनी उरलेला पाव खाल्ला. त्या रात्री ताप पुन्हा चढला, आणि आठवडा संपायच्या आत ते गेले. शेवटपर्यंत त्यांनी घरी न्या असं म्हटलं नाही. स्मशानात दहनाच्या भट्टीलाही बटणच होतं. ते दाबायला मुलाला पुढे बोलावतात. गुरुदत्तने हात पुढे नेला आणि इतका वेळ थांबला की तिथल्या माणसाला वाटलं त्याला कळलं नाही, त्याने पुन्हा इंग्रजीत समजावून सांगितलं.

सुतकात लोक डबे आणून देत होते. तेराव्यानंतर पाहुणे गेले, ईशिता वॉटर्लूला परतली, आणि घरात पहिल्यांदाच आम्ही दोघं उरलो. बाहेर मार्चचं बर्फ अजून होतंच. मी वरणभात केला. दोन पानं वाढली, भातावर तूप घातलं. समोर काचेमागे स्टोव्ह छान जळत होता. गुरुदत्तने तो आदल्या दिवशी आतून बाहेरून साफ केला होता, आणि हँडल दाराला लावून ठेवलं होतं.

तो पहिला घास हातात घेऊन उठला. स्टोव्हसमोर उकिडवा बसला. हँडलला हात लावला. मी भातावरचं तूप थिजताना बघत होते. त्याने दार उघडलं नाही. तो परत आला, घास ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाला, "मला नाही गं जमत."

मलाही घास उचलवत नव्हता. समोर अग्नी एवढा जळत होता, आम्हाला ऊब देत होता, आणि आम्ही त्याच्यासमोर जेवणार. मी चिडले होते, गुरुदत्तवर, नानांवर, त्या कोर्टावर, आणि सगळ्यांत जास्त माझ्यावर, कारण मला आता ते पटत होतं. मी उठले आणि बटण दाबलं. पंखा मंदावला, ज्योत बसली. गुरुदत्तने खुंटीवरून दोघांचे कोट आणले, माझा माझ्या खांद्यावर टाकला, स्वतःचा घातला. शेवटचा निखारा दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघं काचेकडे बघत बसलो, आणि मग जेवलो.